चौदा बिघाड, एक बोल्ट

या मायबापहो, जरा पुढे सरका. भिंतीला टेकून बसलेल्यांनो, तुम्हीही या, सतरंजी बरीच मोकळी आहे. चहा उकळतोय, तोवर एक गोष्ट सांगतो. पूर्वरंगात वेळ घालवत नाही, आज सरळ आख्यानच लावतो. आख्यान कुणा राजाचं नाही, भिलाईच्या कोहक्यातल्या एका पांढऱ्या सात सीटर गाडीचं आहे. ती गाडी दुपारी दोनच्या आत सुरू होते की नाही, एवढाच त्यात प्रश्न. हसू नका. त्या गाडीची चावी जिच्या हातात होती, तिला त्या दिवशी दुसरं काही सुचत नव्हतं.

तिचं नाव रेणू. कृष्णराव आणि तुळसाबाई यांची सून. कृष्णराव भिलाईच्या स्टील प्लांटमध्ये पस्तीस वर्षं क्रेन ऑपरेटर होते. मूळचं घर भंडाऱ्याकडचं, पण हयात सगळी भिलाईत गेली. रिटायर झाल्यावर काही वर्षांनी त्यांनी ही गाडी घेतली आणि स्वतः चालवायच्या आधी सुनेला शिकायला लावली. म्हणाले, "मी पस्तीस वर्षं वरून खाली पाहून गाडी चालवली. आता समोर पाहून नाई जमत मले. तू शीक." रेणू शिकली, आणि अशी शिकली की गल्लीत गाडी मागे घ्यायची असली तर पुरुष मंडळी तिला हाक मारू लागली.

हथखोजला नट-बोल्टचा एक छोटा कारखाना आहे. तिथे जामुलच्या सहा जणी कामाला. जाणं-येणं ऑटोत लटकून. त्यांनी साहेबाकडे हट्ट धरला की आम्हाला गाडी द्या आणि चालवणारी बाई द्या. शिफ्टचा साहेब हेमराज. त्याने शोधलं, रेणूचं नाव कानावर आलं, सोमवारी बोलावलं. रेणू गेली. सहा जणी हौसेने आत बसल्या. रेणूने चावी फिरवली.

टक. टक. टक.

समोरच्या काचेखालचे सगळे दिवे एकदम पेटले. पिवळे, लाल, स्टेअरिंगचा, ब्रेकचा, एअरबॅगचा, जणू दिवाळी. आणि गाडी गप्प. सहा जणी खाली उतरून ऑटोत गेल्या. हेमराज वाईट माणूस नव्हता, पण त्याच्या डोक्यावरही मालक होता. तो म्हणाला, "बहिनजी, बुधवारी दोन वाजता परत आणा. त्या दिवशीही अशीच रुसली तर मी दुसऱ्या गाडीवाल्याला हो म्हणून टाकीन. मग माझ्या हातात काही नाही."

रेणूला हे काम का हवं होतं? नवरा भूपेंद्र प्लांटमध्ये, घर चाललेलं होतं. पण बाईमाणसाचं एक असतं. चौतीस वर्षांत तिला पहिल्यांदा कुणी तिच्या हाताच्या कामासाठी बोलावलं होतं. नातेवाईक म्हणून नाही, सून म्हणून नाही. ड्रायव्हर म्हणून. रात्री तिने भूपेंद्रला एवढंच सांगितलं, "मले ते सहा जणी पाहिजे." भूपेंद्रला हसू आलं, पण तिचा चेहरा पाहून तो हसला नाही.

मंगळवार गेला. बुधवार उजाडला. भूपेंद्र फर्स्ट शिफ्टला. सकाळी अकरा वाजता गाडी पुन्हा टक-टक करून बसली, तेव्हा कृष्णराव धोतर खोचून मागून ढकलायला उभे राहिले. शेजारचे दोघे आले. तुळसाबाई डबा घेऊन मागून. अशी वरात कोहक्याच्या रस्त्याने समीक्षाच्या टिनाच्या शेडपर्यंत गेली.

समीक्षाचं नाव ऐकलेलं नसेल तुम्ही. आयटीआय केलेली पोरगी, सहा वर्षं एका कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला होती. मग स्वतःची शेड टाकली. ती गाडी खोलत नाही, आधी गाडीला बोलायला लावते. बोलायलाच लावते, खरं सांगतो.

"कधीपासून?" तिने विचारलं.

"सप्टेंबरच्या शेवटी सुरू झालं," रेणू म्हणाली. "कधी लागते, कधी नाई. बंद पडली की बॉनेटवर थाप मारली तर कधीकधी लागून जाते. स्टेअरिंग मधूनच जड होते. पहिले बॅटरी बदलली. मग स्टार्टर मोटर खोलून साफ केली. काल बॅटरीवाला बबलू म्हणे ईसीएम गेला."

"ईसीएम म्हणजे काय गं?" तुळसाबाई.

"गाडीचं डोकं, आत्या," रेणू म्हणाली.

"डोकं जाईन तिचं? तीन वर्षांची नाई झाली अजून."

समीक्षाने स्टेअरिंगच्या खाली हात घालून एक काळा डबीएवढा प्लग लावला. दुसरं टोक तिच्या टॅबशी. "चावी ऑन करा वहिनी, पण स्टार्ट नका करू." रेणूने केली. टॅबवर ओळी उतरू लागल्या. एक, दोन, पाच, नऊ. कृष्णराव चष्मा पुसून वाचायला वाकले.

"चौदा," समीक्षा म्हणाली.

"चौदा बिघाड?" कृष्णराव खाली स्टुलावर बसले. "म्हणजे भंगारात द्या आता."

"नाई काकाजी. दोन असते तर मले टेन्शन आलं असतं. चौदा म्हणजे बरं आहे."

"चौदा बरं कावून?"

"पहा ना. ब्रेकचा कंप्युटर म्हणतो मले व्होल्टेज कमी मिळून राहिलं. स्टेअरिंगचा तेच म्हणतो. एअरबॅगचा म्हणतो माझं बाकीच्यांशी बोलणंच तुटलं. चौदा जण एकाच दिवशी बिमार नाई पडत. सगळे एकाच नळाचं पाणी पिऊन राहिले, आणि नळातच काहीतरी आहे."

कृष्णरावांच्या चेहऱ्यावर जरा उजेड आला. ते गुरुवारच्या भजनात टाळ वाजवतात, त्यांना एकदम पटलं. "समजलं. आमच्या भजनात बारा टाळ आहेत. एक चुकला तर त्याले डोळे दाखवतो. पण बाराच्या बारा एकदम चुकले तर कोणी टाळकऱ्याकडे पाहात नाई. सगळे मृदंगाकडे पाहतात."

"बस. तेच. आता मृदंग कुठी आहे ते शोधू."

मायबापहो, मला इथे थांबून सांगू द्या, किती बरं वाटतं असं ऐकलं की. दोन माणसं आपापल्या देवळातून येतात आणि दोघांना एकच गोष्ट दिसते.

एवढ्यात बबलू स्कूटरवर आला. सुपेल्याला त्याचं बॅटरीचं दुकान. त्याला कळलं होतं गाडी इकडे आली म्हणून. स्कूटर स्टँडवर लावता लावताच म्हणाला, "क्या बात है. मोबाइल दाखवून गाडी ठीक होऊन राहिली का? भाभी, मी सांगतलं ना, ईसीएम आहे. रायपूरहून आठ दिवसांत मागवून देतो."

"आठ दिवस नाहीत माझ्याजवळ," रेणू म्हणाली. "दोन तास आहेत."

"बबलू भैया, बसा," समीक्षा म्हणाली. "बॅटरी तुमचीच आहे. तिची परीक्षा तुमच्यासमोरच घेते. पास झाली तर चहा मी पाजते, नाई झाली तर तुम्ही."

बबलू बसला. बारा वाजले होते.

समीक्षाने मीटर काढला. लाल आणि काळी, दोन वायरी, टोकाला सुया. बॅटरीच्या दोन्ही टोकांना सुया लावल्या. "बारा पॉइंट सहा. आता वहिनी, मी म्हणेन तेव्हा चावी फिरवा. तीन सेकंद. फिरवा."

टक. टक.

"अकरा पॉइंट एक. बॅटरी जिवंत आहे, तगडी आहे."

बबलूने मिशीवरून हात फिरवला. "मी काय सांगत होतो."

"तुम्ही ईसीएम सांगत होते," तुळसाबाई म्हणाल्या.

समीक्षा गाडीखाली सरकली. खालून आवाज आला, "परत फिरवा." टक. "मोटरपाशी आठ पॉइंट दोन." ती बाहेर आली, केसांत माती, डोळे चमकत होते. "ऐका. बॅटरीतून अकरा निघाले. मोटरपाशी आठ पोचले. मधले तीन कुठी गेले? ते सापडले की गाडी सापडली."

सगळे बॉनेटभोवती गोळा झाले. शेजारचे दोघे, जे फक्त ढकलायला आले होते, तेही गेले नव्हते. एकाने तर घरी फोन करून सांगितलं, जेवायला वाढू नका.

"एक वायर जाते, एक परत येते," समीक्षा सांगत होती आणि हात चालूच. "जाणारी लाल. तिच्यात किती हरवते पाहू. एक सुई बॅटरीच्या प्लसवर, एक मोटरच्या प्लसवर. फिरवा."

टक.

"शून्य पॉइंट पंधरा. काहीच नाई. जाणारा रस्ता साफ." तिने सुया उचलल्या. "आता परत येणारा. एक सुई बॅटरीच्या मायनसवर, एक इंजिनच्या अंगावर. फिरवा."

टक. टक.

 समीक्षाने मीटर उलटा करून सगळ्यांना दाखवला. दोन पॉइंट सात पाच.

"अरे," बबलू हळूच म्हणाला आणि उठून उभा राहिला.

"किती पाहिजे होते?" रेणूने विचारलं.

"पॉइंट एक. फार तर पॉइंट दोन. पावणेतीन व्होल्ट परतीच्या वाटेवरच हरवून राहिले. अर्थिंग, वहिनी. अर्थिंग खराब आहे. त्या चौदाही जणांचे पाय ह्याच एका जमिनीवर आहेत."

मग तिने जंपरची जाड काळी केबल आणली. एक चिमटा बॅटरीच्या मायनसवर, दुसरा इंजिन उचलायच्या लोखंडी कडीवर. "आता ह्या केबलवरून येऊ दे करंटले. फिरवा."

रेणूने चावी फिरवली.

गाडी लागली. पहिल्या फेऱ्यात लागली, एक क्षण सुद्धा अडली नाही. दिवाळीचे दिवे एकेक करून विझले आणि समोर फक्त आकडे राहिले. शेजाऱ्यांनी टाळ्या वाजवल्या. तुळसाबाईंनी हात जोडले. रेणूने स्टेअरिंग डावीकडे उजवीकडे फिरवून पाहिलं, बोटानं फिरत होतं. तिने मान खाली घातली, ती कुणाला तोंड दाखवायला तयार नव्हती.

"चला तर मग," कृष्णराव म्हणाले. "साडेबारा झाले. निघ सूनबाई."

"हा काळा दोर लटकवून?" समीक्षा म्हणाली. "काकाजी, हा चिमटा जामुलच्या रस्त्यावर पहिल्याच खड्ड्यात उडीन. सहा बाया बसवून मी नाई पाठवत. अर्धा तास द्या. जागा सापडली पाहिजे."

तिने गाडी बंद केली, जंपर काढला आणि वायरीच्या मागे मागे मीटर घेऊन निघाली. मायनसच्या टोकावर, क्लँपवर, काही हरवत नव्हतं. केबलच्या मधे नाही. केबल एका बोल्टने गाडीच्या पत्र्याला कसलेली होती, काच धुवायच्या पाण्याच्या बाटलीमागे, आडोशाला. केबलच्या टोकावर सुई, बाजूच्या पत्र्यावर दुसरी सुई. "फिरवा." टक.

दोन पॉइंट सात.

"सापडला," ती म्हणाली. 

तिने टॉर्च मारला. बोल्ट केशरी होता. शेंदूर फासलेला, तुपात कालवून, दाट. वर वाळलेला तांदळाचा एक दाणा.

"हे तर मी पाहिलं होतं," बबलू म्हणाला. "बॅटरी बसवताना. पूजेचं आहे म्हणून हात नाई लावला. नमस्कार करून बॉनेट लावलं."

"मीही कधी लावला नसता," समीक्षा म्हणाली. मग तिने पायातल्या चपला काढल्या, बोल्टला बोट लावून ते कपाळाला लावलं, आणि दहा नंबरचा पाना घातला. बोल्ट सैल होता. अर्ध्या फेऱ्यात निघाला. केबलचं टोक उचललं, तर खाली वॉशरसारखं काहीतरी चिकटलेलं. तिने ते चिमट्याने ओढलं. लाल-पिवळा धागा निघाला. तीन वेढे, वर घट्ट गाठ, तुपाने कडक झालेला, खाली पत्र्यावर हिरवट पांढरी बुरशी चढलेली.

रेणूने तो पाहिला आणि समीक्षाच्या हातातून घेऊन मूठ बंद केली. कृष्णराव स्टुलावर बसून शेजाऱ्यांना चौदा आणि पावणेतीनचा हिशेब समजावत होते. रेणू अगदी हळू म्हणाली, "मामाजीले सांगू नको. कार्बन आला होता म्हण."

समीक्षा काही बोलायच्या आत कृष्णराव उठून आले. क्रेनवर बसणाऱ्या माणसाची नजर, साठ फुटांवरून हुक बरोबर कडीत घालायचा असतो त्यांना. "मूठ उघड, बाई," ते म्हणाले.

रेणूने उघडली.

ते गाठीकडे बघत राहिले. "ही माझी गाठ आहे," म्हणाले. "ह्या सप्टेंबरात विश्वकर्माच्या दिवशी मीच हा धागा बांधला होता."

 मग त्यांनीच सांगितलं, तुटक तुटक. प्लांटमध्ये त्या दिवशी मशीनींची पूजा. बाकीचे लोक मशीनीला, हँडलला धागा बांधत. पण त्यांच्या क्रेनचा इलेक्ट्रिशियन होता शेषराव, तो नेहमी अर्थिंगच्या बोल्टाला बांधायचा. म्हणायचा, माणसाला मारायला निघालेली वीज ह्या बोल्टातून जमिनीच्या पोटात जाते, म्हणून पहिला नमस्कार ह्याला. पस्तीस वर्षं कृष्णरावांनी ते पाहिलं. तिथला बोल्ट मनगटाएवढा, नटाच्या वर चार बोटं उरलेला, धागा त्या उरलेल्या भागाला. गाडीचा बोल्ट हा एवढासा. वर काही उरतच नाही. मग त्यांनी बोल्ट ढिला केला, खाली धागा घातला, परत कसला.

"तो वरून बांधत होता," कृष्णराव म्हणाले. "मी मधून बांधला. लोखंड लोखंडाले लागूच दिलं नाई."

"मी म्हटलं होतं तुम्हाले, स्टेअरिंगले बांधा," तुळसाबाई म्हणाल्या. "सगळी दुनिया स्टेअरिंगले बांधते. ह्यायले बोल्ट पाहिजे."

बबलूला हसू फुटलं. मग शेजाऱ्यांना. मग कृष्णरावांना सुद्धा, पण त्यांचं हसणं अर्ध्यात थांबलं. "सूनबाई, तुह्या पहिल्या कामाच्या मधे मीच बसलो होतो की नाई?"

"तुम्ही माझ्या गाडीले काही होऊ नये म्हणून बांधला, मामाजी."

"हो. पण विजेले मन नाई दिसत. तिले धातू लागते." ते समीक्षाकडे वळले. "काचपेपर आहे का तुझ्याजवळ? दे. हे मी करतो."

समीक्षाने घड्याळ पाहिलं. एक वाजून दहा. तिने स्वतः केलं असतं तर चार मिनिटांत झालं असतं. तिने काचपेपर दिला.

आणि काय घासलं हो त्यांनी. पत्रा चांदीसारखा होईपर्यंत. केबलचं टोक दोन्ही बाजूंनी. बोल्टाचे आटे तारेच्या ब्रशने. शेंदूर पुसताना मात्र ओठ हलत होते, काय म्हणत होते ते त्यांचं आणि त्यांच्या देवाचं. सत्तरीजवळचा माणूस, हात जरा कापतात, पण पाना धरला की कापत नाहीत. बोल्ट कसला, वरून थोडं ग्रीस लावलं, म्हणाले, "पाह्य बरं आता."

समीक्षाने सुया लावल्या. रेणूने चावी फिरवली. टक झालंच नाही, गाडी सरळ लागली. मीटरवर शून्य पॉइंट शून्य सहा. समीक्षाने टॅबवरून चौदा नावं पुसली, गाडी बंद करून परत लावली, पुन्हा वाचलं.

"शून्य," ती म्हणाली. "एकही तक्रार नाई."

एक वाजून अठ्ठावीस. हथखोजला वीस-पंचवीस मिनिटं लागतात, मधे ट्रकांची रांग असली तर जास्त. "बसा मामाजी, आत्या, चला," रेणू म्हणाली.

कृष्णराव बसले नाहीत. ते बोटं मोजत होते. "अकरा," म्हणाले.

"काय अकरा?"

"त्या दिवशी गल्लीतल्या लोकांनी म्हटलं, कृष्णरावजी, आमच्याही गाडीले बांधा. तुमचा हात चांगला आहे. मी अकरा गाड्यांले बांधला. सगळ्यांले असाच. मधून."

समीक्षा मीटर गुंडाळत होती, ती तशीच थांबली. "तुमच्या गल्लीतल्या सोनूची निळी गाडी?"

"पहिली तीच."

"त्याचं स्टेअरिंग गेल्या आठवड्यात पुलावर जड झालं होतं. मी त्याले स्टेअरिंगची नवीन मोटर सांगून बसले, काकाजी. उद्या बसवणार होते." तिने कपाळावर हात मारून घेतला. "मीही नुसता टॅब वाचला. सुई लावलीच नाई तिथी."

बबलू जरा बाजूला झाला. त्या गल्लीत त्याने दोन महिन्यांत तीन बॅटऱ्या विकल्या होत्या.

"तू जा," कृष्णराव रेणूला म्हणाले. "तुझी आत्या आणि समीक्षा येतील सोबत. पोरी, तुझा तो दहा नंबरचा पाना आणि काचपेपर मले दे."

रेणू निघाली. रस्त्याचं मी काय सांगू, ट्रक होते, धूळ होती, एका ठिकाणी म्हशी होत्या. तुळसाबाई मागे बसून दर सिग्नलला विचारत होत्या, बंद तर नाई ना पडली. समीक्षा पुढे बसून समोरच्या दिव्यांकडे बघत होती, एकही पेटला नाही. एक वाजून चोपन्न मिनिटांनी गाडी कारखान्याच्या गेटवर लागली.

हेमराज हातात कागद घेऊन उभा होता. बाजूला दुसरी एक गाडी, तिचा ड्रायव्हर टायरला टेकून पान खात होता. "बंद करा," हेमराज म्हणाला. रेणूने केली. "लावा." लागली. "बंद. लावा." लागली. "एसी लावा, हेडलाइट लावा, वायपर लावा, स्टेअरिंग पूर्ण फिरवा. आता बंद करा. लावा."

लागली. मायबापहो, लागली.

हेमराजने दुसऱ्या ड्रायव्हरकडे पाहून मान हलवली. त्याने पान थुंकलं, हसला आणि म्हणाला, "जाने दो साहब, दीदी ठीक चलाती है." भोंगा वाजला. जामुलच्या सहा जणी बाहेर आल्या. त्यांच्यातली प्राची सगळ्यात पुढे. तिने ओढणी कमरेला बांधलेली होती.

"आज आम्ही ढकलायच्या तयारीनं आलो होतो, ताई," ती म्हणाली.

"उद्या या तयारीनं," रेणू म्हणाली. "आज नुसतं बसा."

समीक्षा आणि तुळसाबाई गेटवरच उतरल्या, कारण सात सीटा म्हणजे सातच. त्या ऑटोने परत आल्या. ऑटोत तुळसाबाईंनी समीक्षाला विचारलं, "त्यायले माफ होईन का गं हे?" समीक्षा म्हणाली, "आत्या, मलेच विचारून राहिल्या? मी सोनूले नवीन मोटर लावणार होते."

आणि इकडे कोहक्यात काय चाललं होतं? कृष्णराव एकेका दारात उभे. हातात दहा नंबरचा पाना, खिशात काचपेपर. "विश्वकर्माले मी बांधला होता, तो चुकीनं बांधला. दोन मिनिटं बॉनेट उघडा." कुणी हसलं. एका घरात, जिथे बॅटरी उगीच बदलली गेली होती, तिथल्या माणसाने चांगलंच सुनावलं. कृष्णराव उभे राहून ऐकत होते, मग म्हणाले, "खरं आहे तुमचं. आता उघडता का?" तो माणूसही शेवटी टॉर्च धरून बसला. एका म्हाताऱ्या बाईंना धागा काढू द्यायचाच नव्हता, देवाचा आहे म्हणून. कृष्णरावांनी तो काढून तिच्या तुळशीच्या कुंडीला बांधून दिला, तेव्हा ती राजी झाली. सोनूच्या गाडीचं स्टेअरिंग बोटानं फिरायला लागलं, तेव्हा सोनूने त्यांना गाडीत बसवून गल्लीतून दोन चकरा मारल्या.

अकरावी गाडी झाली तेव्हा संध्याकाळचे दिवे लागत होते. रेणू सहाही जणींना जामुलला सोडून कधीच परत आली होती, आणि कृष्णरावांच्या मागे मागे टॉर्च धरून फिरत होती.

दुसऱ्या दिवशी गुरुवारच्या भजनाला ते गेले. टाळ हातात घ्यायच्या आधी उभे राहिले, सगळ्यांना ही गोष्ट सांगितली, अगदी मधून बांधला इथपर्यंत, काही लपवलं नाही. मग बसले आणि वाजवायला लागले. मी तिथे होतो, म्हणून आज तुम्हाला सांगू शकलो.

आता चहा आलाय, घ्या. पण घरी जाऊन देवापुढे हात जोडाल तेव्हा एवढं करा माझ्यासाठी. आपली चूक कळल्यावर पाना घेऊन अकरा दारं हिंडलेल्या कृष्णरावांची एकदा आठवण काढा.